गोल्डफिशच्या सोबतीला कोणते मासे ठेवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्डफिशची टाकी घरात येऊन थोडे दिवस झाले की ती रिकामी वाटू लागते आणि आणखी कोणते मासे सोडता येतील, असा प्रश्न घरात हमखास निघतो. दुकानात उभे राहून या प्रश्नाचे उत्तर शोधले तर ते बहुधा चुकते, कारण तिथे सगळेच मासे दीड-दोन इंचांचे असतात आणि एकाच पाण्यात निवांत पोहताना दिसतात. खरी अडचण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने उभी राहते. म्हणून सोबती निवडताना आजचा मासा पाहण्यापेक्षा तो पूर्ण वाढल्यावर कसा असेल, त्याला किती अंशांचे पाणी मानवते आणि तो किती वेगाने पोहतो, याचा विचार आधी करावा.

गोल्डफिशला सोबत लागतेच का?

गोल्डफिश हा कार्प कुळातील मासा असून तो स्वभावाने घोळक्यात राहणारा आहे. एकटा ठेवला तर तो लगेच आजारी पडतो असे नाही, परंतु आपल्याच जातीचा एखादा सोबती मिळाला की तो अधिक मोकळेपणाने फिरतो, तळातील खडी उकरतो आणि खाण्यासाठी धीटपणे वर येतो. म्हणून सोबत द्यायचीच असेल तर पहिला विचार दुसऱ्या गोल्डफिशचा करावा. इतर जातींच्या माशांची त्याला गरज नसते. ती हौस आपली असते, आणि ती पुरवताना त्याला त्रास होणार नाही हे पाहण्याची जबाबदारीही आपलीच असते.

मग कोणताही गोल्डफिश कोणत्याही गोल्डफिशसोबत चालतो का?

नाही, आणि या विषयात सर्वाधिक चुका इथेच होतात. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून आणि नंतर जपानमध्ये माणसाने निवड करून करून या एकाच माशाचे इतके प्रकार तयार केले, की त्यांतील काहींना एकत्र ठेवणे हे दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवण्याइतकेच अवघड झाले आहे.

कॉमेट, शुबंकिन आणि साधा गोल्डफिश यांचे अंग लांबट आणि शेपटी एकेरी असते. ते चपळ असतात आणि पुरेशी जागा मिळाली तर २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. याउलट ओरांडा, रेड कॅप, रँचू, र्‍युकिन, फॅनटेल, पर्लस्केल यांचे अंग गोलसर आणि आखूड असते. रँचूला तर पाठीवरचा परही नसतो, त्यामुळे त्याला तोल सांभाळून सावकाश पोहावे लागते. हे दोन गट एका टाकीत ठेवले की खाणे पाण्यात पडताच कॉमेट झेपावतो आणि ओरांडा तिथवर पोहोचेपर्यंत पृष्ठभाग रिकामा झालेला असतो. कुणी कुणाला चावत नाही, भांडण दिसत नाही, म्हणून घरच्यांना सारे ठीक वाटते, पण काही महिन्यांत एक मासा फुगत जातो आणि दुसऱ्याची पाठ बारीक होत जाते.

गोल अंगाच्या गटातही आणखी एक भेद पाळावा लागतो. ब्लॅक मूर आणि इतर टेलिस्कोप प्रकारांचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्यांची नजर अधू असते, सेलेस्टियलचे डोळे कायम वरच वळलेले असतात, तर बबल आयच्या डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या नाजूक पिशव्या असतात. खाताना ब्लॅक मूर नीट पाहावा. दाणा त्याच्या तोंडापासून बोटभर अंतरावर तरंगत असतो, त्याला वास लागलेला असतो, पण तो दोनदा बाजूला तोंड मारतो आणि तिसऱ्या वेळी दाणा सापडतो. तेवढ्या वेळात शेजारचा र्‍युकिन तो दाणा गिळून पुढे गेलेला असतो. म्हणून टेलिस्कोप, सेलेस्टियल आणि बबल आय यांना त्यांच्यासारख्याच अधू नजरेच्या माशांसोबत ठेवावे. बबल आयच्या टाकीत टोकदार दगड, प्लास्टिकची खरखरीत झाडे आणि जोराने पाणी ओढणारी फिल्टरची उघडी नळी असू नये, कारण ती पिशवी फाटली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

टाकी किती मोठी असावी?

आपल्याकडे टाक्या फुटांच्या मापाने विकल्या जातात, त्यामुळे हिशेब लिटरमध्ये करून पाहणे उपयोगाचे ठरते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी ५६ लिटरच पाणी मावते. गोल अंगाच्या पहिल्या गोल्डफिशसाठी सुमारे ७५ ते ८० लिटर आणि पुढील प्रत्येकासाठी आणखी ४० लिटर धरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे दोन फुटी टाकी एका ओरांडालाही अपुरी पडते. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, आणि खडी व वरची मोकळी जागा वजा केल्यावर तीन ओरांडा तिथे बरे राहतात. कॉमेट आणि शुबंकिन यांच्यासाठी चार फुटांहून लहान टाकीचा विचार करू नये. अंगणात हौद असेल तर तो अधिक चांगला.

काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवूच नये. चांगल्या देखभालीत हा मासा दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, आणि ब्रिटनमधील टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगून १९९९ साली मरण पावला. भांड्यात काही महिन्यांत मरणाऱ्या माशांमुळे ‘गोल्डफिश जगतच नाही’ असा जो समज पसरला आहे, त्यात त्या माशाचा काहीच दोष नाही.

गप्पी, मॉली, प्लॅटी, निऑन टेट्रा हे लहान मासे सोबत ठेवता येतील का?

ठेवू नयेत. गोल्डफिशला १८ ते २२ अंश सेल्सिअस पाणी मानवते, गोल अंगाच्या प्रकारांना त्याहून एखादा अंश जास्त चालतो, तर यांतील बहुतेक माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी हवे असते. शिवाय गोल्डफिशचा एक साधा नियम आहे: तोंडात मावते ते खाण्याजोगे. दिवसा निऑनकडे तो ढुंकूनही पाहत नाही, परंतु रात्री दिवा गेल्यावर ते स्थिरावलेले असताना एकेक निऑन नाहीसा होतो. गप्पी आणि मॉलीची पिल्ले तर त्याच्या खाण्यातच जमा होतात. त्याउलट मॉली कधी कधी गोल्डफिशच्या लांब शेपटीला टोचत राहते, म्हणजे त्रास दोन्ही बाजूंनी होतो.

आमच्या मुंबईत पाणी बहुतेक वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास असते. गोल्डफिश त्यात जगतोच, मग तापमानाचा मुद्दा कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. गोल्डफिश उष्ण पाणी सहन करतो, पण सहन करणे आणि मानवणे यांत अंतर आहे. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे साडेसातवर येते. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराचे व्यवहार वेगाने होऊ लागतात आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. भरीला भर म्हणजे पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका त्यातील अमोनियाचा (माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या द्रव्याचा) विषारी भाग वाढतो, आणि गोल्डफिश तर भरपूर खाणारा व भरपूर विष्ठा टाकणारा मासा आहे.

याचा अर्थ असा, की मुंबई, ठाणे, कोकणपट्टी किंवा विदर्भातील उन्हाळा यांत राहणारा गोल्डफिश मुळातच आपल्या मर्यादेच्या जवळ जगत असतो. अशा टाकीत सोडलेला प्रत्येक नवा मासा त्याच्या वाट्याचा प्राणवायू घेतो आणि पाण्यातील घाण वाढवतो. उष्ण गावात ‘पाणी गरमच आहे, मग गरम पाण्याचे मासेही चालतील’ असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते नेमका उलटा निष्कर्ष काढायला हवा: जितके गाव उष्ण, तितके टाकीतले सोबती कमी.

पुणे, नाशिक किंवा साताऱ्यात दुसरी अडचण येते. डिसेंबर-जानेवारीत टाकीचे पाणी वीस अंशांच्या खाली उतरते तेव्हा गोल्डफिश खुशीत असतो, पण त्याच टाकीतील गप्पी आणि टेट्रा कोपऱ्यात गोळा होतात आणि अनेकदा त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके पडण्याचा रोग येतो. त्यांच्यासाठी हीटर लावावा तर गोल्डफिशला विनाकारण बारा महिने उन्हाळा सोसावा लागतो.

उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, काचेच्या झाकणाऐवजी जाळी घालावी, लहान पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा आणि फिल्टरचे पाणी वरून पडून पृष्ठभाग हलता राहील असे पाहावे. पंख्यामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकते. किनारपट्टीच्या दमट हवेत मात्र हा परिणाम कमी होतो. टाकीत बर्फ टाकून एकदम थंडावा आणू नये, कारण तापमानातील अचानक चढउतार उष्णतेइतकाच घातक असतो.

काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी सकर मासा ठेवावा, असे दुकानदार सांगतात. ते योग्य आहे का?

गोल्डफिशच्या टाकीत सकर ठेवू नये, असे मी कोणतीही पळवाट न ठेवता सांगेन. दुकानातला दोन इंची सकर शेवाळ खातो हे खरे आहे. पण तो वाढत वाढत ३० ते ४५ सेंटीमीटरचा होतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळातील त्याचा रस कमी होत जातो. गोल्डफिश संथ असतो, त्याच्या अंगावर बुळबुळीत पोषक थर असतो आणि रात्री तो तळाशी जवळजवळ निश्चल असतो. सकर त्याला चिकटतो आणि तो थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर नाण्याएवढा फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो, तिथले खवले विस्कटलेले असतात, आणि घरच्यांना वाटते की मासा दगडाला घासला असेल. दिवसा सकर काचेला चिकटून शांत बसलेला असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. दोन-चार दिवसांत त्या चट्ट्यावर कापसासारखी बुरशी धरते.

ज्या कामासाठी त्याला आणायचे, तेही तो धड करत नाही, कारण त्याची स्वतःची विष्ठाच एवढी असते की पाणी अधिक घाण होते. शेवाळ वाढते ते जास्त प्रकाशामुळे आणि पाण्यात साठलेल्या नायट्रेटमुळे. दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा, टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये, दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावे आणि काच चुंबकाच्या ब्रशने पुसावी. थोडे हिरवे शेवाळ राहिले तर गोल्डफिश स्वतःच ते कुरतडतो आणि ते त्याला चांगलेही असते.

ब्रिसलनोज नावाचा आटोपशीर आकाराचा सकर तुलनेने कमी त्रासदायक असतो, तरी त्यालाही उबदार पाणी लागते आणि भूक लागल्यावर त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही.

तळाशी फिरणारा कोरीडोरस चालेल का?

चालणार नाही. कोरीडोरसच्या परांमध्ये ताठ होणारे काटे असतात. मोठ्या गोल्डफिशने त्याला गिळण्याचा प्रयत्न केला की ते काटे घशात रुततात आणि बहुधा दोन्ही मासे मरतात.

मग जमणारे मासे आहेत तरी कोणते?

मोजकेच आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाबाबत एखादी अट आहे.

व्हाइट क्लाउड हा दक्षिण चीनमधील चार सेंटीमीटरचा चपळ मासा गोल्डफिशइतक्याच थंड पाण्यात राहतो. तो आठ-दहाच्या घोळक्यात ठेवावा, आणि गोल्डफिश लहान असेल तोवरच त्याचा भरवसा धरावा. महाबळेश्वर, पाचगणी यांसारख्या थंड गावांत तो उत्तम राहील. किनारपट्टीच्या उन्हाळ्यात त्यालाही गोल्डफिशइतकाच त्रास होतो.

झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातील मासा सर्वत्र मिळतो, स्वस्त असतो आणि १८ अंशांपासून २६-२७ अंशांपर्यंत सहज जुळवून घेतो. तो इतका चपळ असतो की गोल्डफिशच्या तोंडी सहसा लागत नाही. अडचण वेगळीच आहे: त्याची सततची धावपळ रँचू किंवा ब्लॅक मूरसारख्या संथ माशांना अस्वस्थ करते आणि खाणेही तोच आधी पळवतो. म्हणून तो कॉमेट आणि शुबंकिनसोबतच ठेवावा.

रोझी बार्ब हाही भारतीय मासा. आकाराने बऱ्यापैकी मोठा असल्यामुळे तो गिळला जाण्याची भीती कमी असते आणि त्याला थंड पाणीही चालते. परंतु दोन-तीनच ठेवले तर तो इतरांच्या शेपट्या कुरतडतो. किमान सहा हवेत, आणि सहा ठेवायचे म्हणजे चार फुटी टाकी आली.

डोजो लोच हा पूर्व आशियातील सापासारखा लांबट, शांत मासा गोल्डफिशचा सर्वांत चांगला सोबती आहे, असे माझे मत आहे. त्याला थंड पाणी आवडते, तो कुणाच्या वाटेला जात नाही आणि तळाशी पडलेले खाणे वेचतो. त्याला मऊ वाळूचा तळ लागतो, आणि टाकीचे झाकण घट्ट नसेल तर तो हमखास बाहेर उडी मारतो. आपल्याकडे तो नेहमी मिळत नाही, त्यामुळे त्याच्या नावाखाली दुसराच लोच गळ्यात पडत नाही ना, हे पाहावे.

एंजल, टायगर बार्ब, फायटर, ऑस्कर किंवा शार्क यांच्याबद्दल काय?

टायगर बार्ब लांब शेपट्यांचे लचके तोडतो. एंजल आणि फायटर यांना उबदार पाणी लागते. त्यातही फायटरची आणि गोल्डफिशची लांब शेपटी एकमेकांच्या टाकीत असुरक्षितच असते. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना यांच्यासाठी गोल्डफिश म्हणजे केवळ भक्ष्य. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा प्रत्यक्षात पंगासियस जातीचा कॅटफिश असतो आणि तो एक मीटरपर्यंत वाढू शकतो. तो घरच्या कोणत्याही टाकीसाठी नाही.

कोई आणि गोल्डफिश एकत्र राहतात का?

स्वभावाने जमतात, मात्र कोई ६० सेंटीमीटरच्या पुढे वाढतो. अंगणात किंवा शेतावर मोठा, खोल हौद असेल तर कॉमेट आणि शुबंकिन त्याच्यासोबत राहू शकतात. काचेच्या टाकीत कोई ठेवूच नये.

गोगलगाय, कोळंबी किंवा लहान कासव?

मोठी मिस्ट्री गोगलगाय बहुतेक वेळा तग धरते, तरी गोल्डफिश तिच्या मिशा ओढतो असे दिसले तर तिला वेगळे करावे. लहान रॅम्सहॉर्न गोगलगायी तो आवडीने खातो. टाकीतली शोभेची कोळंबी त्याच्या दृष्टीने महागडा खाऊ आहे. कासवासोबत कोणताही गोल्डफिश ठेवू नये, कारण कासव आज ना उद्या त्याचे पर तोडतेच.

सगळ्यांना एकच खाणे चालेल का?

गोल्डफिशला खऱ्या अर्थाने जठर नसते, त्यामुळे त्याला थोडे थोडे, वनस्पतिजन्य भाग अधिक असलेले आणि बुडणारे खाणे द्यावे. सोललेला, उकडलेला मटार आठवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही. उष्ण पाण्यातील माशांचे खाणे प्रथिनांनी भरलेले असते. ते रोज खाल्ल्यास गोल अंगाच्या गोल्डफिशचे पोट फुगते आणि तो उलटा किंवा तिरका तरंगू लागतो. चपळ सोबती असतील तर टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी खाणे टाकावे आणि संथ मासा प्रत्यक्ष खातो आहे, हे उभे राहून पाहावे.

नवा मासा आणल्याबरोबर टाकीत सोडावा का?

नाही. दुकानात आठवड्याला नवा माल येतो आणि त्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अँकर वर्म नावाचे अंगात रुतणारे परजीवी आणि माशांच्या उवाही येतात. एका साध्या प्लास्टिकच्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून नव्या माशाला तीन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. त्या टबची जाळी आणि बादली मूळ टाकीसाठी वापरू नये. पाणी नळाचे असेल तर क्लोरीन काढणारे औषध घालावे, आणि सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जात असेल तर त्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणा) आणि जडपणा एकदा तरी तपासावा. मूळ टाकीत अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट शून्य असतील तरच नवा मासा सोडावा. लोचवर उपचार करताना औषध आणि मीठ जपून वापरावे, कारण अशा माशांना ती लवकर बाधतात.

एक गोल्डफिश दुसऱ्याचा सतत पाठलाग करतो. त्यांचे जमत नाही असे समजावे का?

आधी पाठलाग करणाऱ्याचे कल्ले पाहावेत. कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक, टोकदार, ओळीने आलेले पांढरे कण दिसले तर तो विणीच्या हंगामातील नर आहे. हे कण म्हणजे रोग नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके अंगभर आणि परांवर कसेही विखुरलेले असतात. हा फरक न कळल्यामुळे निरोगी माशाला उगाच औषध दिले जाते. नर मादीच्या पोटाला मागून ढुसण्या देत राहतो आणि हे काही दिवस चालते. एकाच मादीमागे दोन-तीन नर असतील तर ती थकून तळाशी बसते, अशा वेळी मध्ये जाळीचा पडदा घालून तिला विश्रांती द्यावी. हंगाम नसतानाही एकच मासा दुसऱ्याला खाण्यापासून हुसकावत असेल तर टाकी अपुरी आहे, असे समजून पुढचा विचार करावा.

आमच्या टाकीत आधीच गोल्डफिश, सकर आणि गप्पी एकत्र आहेत. आता काय करावे?

सकर सर्वांत आधी हलवावा, कारण इजा त्याच्यामुळेच होते. दुसरी टाकी होईपर्यंत मध्ये काचेचा किंवा जाळीचा पडदा चालतो. गप्पींना एक छोटी वेगळी टाकी पुरते. मासे परत घेण्याची तयारी अनेक दुकानदार दाखवतात, आणि शहरांतील हौशी मत्स्यपालकांच्या गटांमध्येही असे मासे घेणारे सापडतात.

तलावात, विहिरीत किंवा नदीत मात्र कोणताही मासा सोडू नये. घरातील टाक्यांतून आणि व्यापारातून निसटलेला सकर आज कोलकात्याजवळच्या पाणथळ प्रदेशासह देशातील अनेक पाण्यांत पसरला आहे आणि तेथील स्थानिक माशांचे अन्न व जागा तो बळकावतो आहे. गोल्डफिशही त्याला अपवाद नाही, मोकळ्या पाण्यात तो मोठा होतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उपटतो. घेणारा मिळेपर्यंत सकरला झाकण असलेल्या मोठ्या टबमध्ये हवेचा पंप आणि फिल्टर लावून ठेवावे, त्याला काकडीची चकती आणि तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात, आणि त्या टबचे पाणीही टाकीइतक्याच नियमाने बदलावे.